माझा हॅरी असा नव्हताच!

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट सांगते. हजेरीपट घेऊन वर्गात पाऊल टाकलं, तर आमचा चौथीचा वर्ग म्हणजे नुसता मासळीबाजार! फटाक्यांचा, फराळाचा, मामाच्या गावाचा विषयच नाही. निम्मा वर्ग खिडकीच्या बाजूला, निम्मा दाराच्या बाजूला, आणि मधल्या जागेत भांडण.

"काय भारी होता पिक्चर!"

"कसला भारी? पुस्तकाची पार वाट लावली!"

"अरे, पण झाडूवरून उडतो ते बघितलंस का?"

"आणि तू त्याचे डोळे बघितलेस का? निळे होते, निळे! पुस्तकात हिरवे आहेत!"

झालं होतं असं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास आमच्याकडे गोष्टीचा असतो. जूनपासून त्या तासाला मी 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचून दाखवत होते. जे. के. रोलिंगबाईंचं मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ साली ब्रिटनमध्ये निघालं. आपल्या मराठी अनुवादाला 'परीस' हा शब्द किती छान बसलाय, नाही? पुस्तकात सतरा प्रकरणं आहेत. दर शनिवारी एक, असं करत करत दिवाळीच्या तोंडावर पुस्तक संपलं. आणि सुट्टीत नेमका टीव्हीवर त्याचाच सिनेमा लागला, हिंदीतून. सगळ्या वर्गाने तो पाहिला. आणि मग हे रणकंदन!

तुमच्याही घरी असं होतं की नाही, खरं सांगा? ताई म्हणते सिनेमा उत्तम, दादा म्हणतो पुस्तकाच्या नखाचीही सर नाही. बाबा म्हणतात, "अरे, गोष्ट तीच ना? मग भांडता कशाला?" पण गोष्ट तीच नसते. म्हणून तर भांडण होतं.

आधी डोळ्यांचं बघू. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवेगार आहेत, अगदी त्याच्या आईसारखे. २००१ साली आलेल्या सिनेमात हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे आहेत. मंडळींनी हिरव्या रंगाच्या लेन्स घालून बघितल्या होत्या. पण त्या लहान मुलाच्या डोळ्यांना त्यांचा त्रास व्हायला लागला. मग ठरलं, राहू देत निळे. हे सांगितल्यावर आमचा 'हिरवा' गट जरा नरमला. पण एकाने लगेच हात वर केला. "बाई, मग त्याच्या आईचे डोळे तरी तसेच घ्यायचे!" मुलं अशी सोडत नाहीत. आणि मला विचाराल तर त्याचं म्हणणं बरोबरच होतं. डोळ्यांचा रंग महत्त्वाचा नाहीच. आईचे नि मुलाचे डोळे एकसारखे आहेत, हे महत्त्वाचं. पुढच्या पुस्तकांत त्यावर बरंच काही अवलंबून आहे. काय ते सांगत नाही, वाचा.

आता वेळेचा हिशोब. सतरा प्रकरणं, सतरा शनिवार. मध्ये तुमच्या शंका, हसणं, एखाद्याचं "बाई, पाणी पिऊन येऊ?" हे सगळं धरून तासाला एक प्रकरण. म्हणजे सतरा तास झाले. आणि सिनेमा किती वेळाचा? दोन तास बत्तीस मिनिटं! मोठा पिंप लोट्यात ओतायचा म्हटल्यावर पाणी सांडणारच की. काय सांडायचं, हा खरा प्रश्न.

या सिनेमात सांडला तो पीव्हज. पीव्हज म्हणजे हॉगवर्ट्सच्या शाळेतला उपद्रवी भुताळी प्राणी. हवेत उलटासुलटा तरंगतो, मुलांच्या डोक्यावर काठ्या टाकतो, मास्तरांना सळो की पळो करून सोडतो. आमच्या वर्गाचा तो भलताच लाडका. (माझा नाही. माझ्या वर्गात असे चार आहेत.) गंमत म्हणजे त्याच्यासाठी रिक मेयल नावाचा इंग्लंडमधला मोठा विनोदी नट घेतला होता, त्याच्यावर चित्रीकरणही झालं होतं. शेवटी ते सगळं कापून टाकलं. पुढच्या सात सिनेमांतही पीव्हज कुठे दिसत नाही. सात पुस्तकांचे आठ सिनेमे झाले, २००१ पासून २०११ पर्यंत, आणि पीव्हज कायमचा बाहेर!

पण मला सांगा, एखादं पात्र गाळलं किंवा डोळ्यांचा रंग बदलला, तर एवढा राग का यावा? मी बराच विचार केला. भूगोलाचं पुस्तक नवीन आलं, त्यात चित्रं बदलली, तर कोणी भांडत नाही. गोष्टीचं तसं नसतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'एक मोठा वाडा होता.' बस, एवढंच. पण वाचताना तुम्हाला वाडा दिसतो. कोणाला तो आजीच्या गावचा दिसतो, कोणाला सहलीत पाहिलेला. जिना कुठे, अंधार कुठे, पाल कुठे, हे सगळं तुम्ही घालता. लेखकाने दगड दिले, भिंत तुम्ही रचली. आणि मग एक दिवस पडदा वर जातो आणि दुसऱ्याच कोणाचा तरी वाडा दिसतो! तो दिग्दर्शकही तुमच्यासारखा वाचकच आहे. फरक इतकाच, की त्याच्या डोक्यातला वाडा साऱ्या जगाने बघायचा असतो.

आणि पडद्यावरचं चित्र मोठं हट्टी असतं, बरं का. एकदा डोक्यात शिरलं की जात नाही. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या डोरोथीचे जादूचे बूट कोणत्या रंगाचे? ज्याला विचाराल तो सांगेल, लाल. पण फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात ते चंदेरी आहेत! १९३९ साली त्यावर सिनेमा झाला. तेव्हा रंगीत सिनेमाचं मोठं अप्रूप होतं आणि पडद्यावर लाल माणकांचा झगमगाट खुलून दिसला असता. झाले बूट लाल. आता चंदेरी बूट फक्त पुस्तक वाचणाऱ्यांना माहीत.

तुमच्यातल्या सातवी-आठवीतल्या मंडळींनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं नाव ऐकलं असेल. पुस्तक प्रचंड आहे. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डला भाषा शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी हे पुस्तक वर्षानुवर्षं लिहिलं आणि १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत आलं. लगेच दोन-तीन वर्षांत अमेरिकेतून काही मंडळी त्यावर सिनेमा करायचं म्हणून कथेचा आराखडा घेऊन आली. टॉल्किन यांनी तो वाचला आणि १९५८ मध्ये एक लांबलचक पत्र लिहिलं. मास्तर लाल पेन घेऊन वही तपासतात ना, अगदी तसं! गरुडांना उठसूट बोलावू नका. जिथे तिथे मारामाऱ्या घालू नका. एल्फ लोकांनी प्रवासासाठी दिलेली जी भाकरी आहे, तिला त्या आराखड्यात जणू डबाबंद पौष्टिक खुराक करून टाकलं होतं. त्यावर तर ते फारच चिडले. त्या भाकरीची ताकद कुठल्या प्रयोगशाळेत सापडणारी नव्हतीच मुळी.

पण या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्याला वाटेल, लेखक म्हणणार, माझा एक शब्दही कापू नका. टॉल्किन तसं म्हणाले नाहीत. चालत्याबोलत्या वृक्षांचा भाग आणि हेल्म्स डीपच्या किल्ल्यावरची लढाई, हे दोन्ही नीट दाखवायला वेळ नसेल, तर एक सरळ गाळून टाका, असं त्यांनी सुचवलं. आणि गाळायचं कोणतं? तर लढाई! मुख्य कथेला तिची तितकी गरज नाही, असं लेखक स्वतःच सांगत होता. मात्र माणसांचे स्वभाव बिघडवाल तर ते मला कथानकाच्या नासाडीपेक्षाही जास्त लागेल, हेही त्यांनी बजावलं. तो सिनेमा झालाच नाही.

पुढे न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण एकत्रच केलं आणि २००१, २००२ आणि २००३ अशी ओळीने तीन वर्षं ते सिनेमे आणले. दुसऱ्या सिनेमात सगळ्यात मोठं, सगळ्यात गाजलेलं दृश्य कोणतं? हेल्म्स डीपची लढाई! पावसात, रात्री, हजारोंचं सैन्य. टॉल्किन असते तर काय म्हणाले असते देव जाणे. मी मात्र ती लढाई खुर्चीच्या कडेवर बसून पाहिलीय, हे कबूल करते.

चाहत्यांमध्ये तेव्हा उभी फूट पडली. एका गटाला आनंदाचं भरतं आलं. वर्षानुवर्षं मनात पाहिलेला तो मुलूख डोळ्यांसमोर उभा होता. ॲलन ली आणि जॉन हाव हे दोघे चित्रकार टॉल्किन यांच्या पुस्तकांसाठी आधीपासून चित्रं काढत होते. त्यांनाच जॅक्सन यांनी बोलावून घेतलं होतं. त्यामुळे अनेकांना पडदा ओळखीचा वाटला. तिसऱ्या सिनेमाला अकरा ऑस्कर नामांकनं होती आणि अकराच्या अकरा मिळाली.

दुसरा गट विचारत होता, आमचा टॉम बॉम्बाडिल कुठाय? पिवळे बूट घालून गाणी म्हणत रानात हिंडणारा हा गमत्या माणूस. ज्या अंगठीला सारे भितात तिचा याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. सिनेमात तो नाहीच. पण त्याच्यापेक्षा जास्त वाद झाला तो फारामिरवरून. पुस्तकात या तरुण सरदाराच्या हाती ती अंगठी आयती चालून येते आणि तो तिचा मोह धरत नाही. फ्रोडोला वाट मोकळी करून देतो. सिनेमात तो फ्रोडोला पकडून आपल्या लोकांकडे घेऊन निघतो, आणि नंतर कुठे त्याला उपरती होते. पटकथा लिहिणाऱ्यांची बाजूही ऐका. ते म्हणतात, अंगठी किती भयंकर ओढ लावते हे आम्ही इतका वेळ दाखवलं. आता एक जण आला आणि सहज 'नको' म्हणाला, तर प्रेक्षकाला तिची भीतीच उरणार नाही.

मला हे कारण पटतं. आणि तरी मी फारामिरच्या बाबतीत पुस्तकाच्या बाजूला आहे. मोह न होणारी माणसं जगात थोडी असतात, पण असतात. गोष्टीत एक होता, तोही घालवला! टॉम बॉम्बाडिल गाळला तर तो पुस्तकात सुखरूप आहे. पण फारामिर बदलला की त्याच्या नावाने दुसराच कोणी हिंडायला लागतो.

टॉल्किन यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी वडिलांची अपुरी हस्तलिखितं लावण्यात जन्म घालवला. २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी आपली नाराजी उघड सांगितली. तरुण पोरांसाठी मारधाडीचा सिनेमा करून टाकला, असा त्यांचा सूर होता. आणि वेळ कमी पडतो म्हणून हे होतं, असंही नाही हं. त्याच टॉल्किन यांचं 'द हॉबिट' हे १९३७ सालचं, तीनशेच्या आसपास पानांचं मुलांचं पुस्तक. त्यावर २०१२ ते २०१४ मध्ये एक सोडून तीन सिनेमे काढले. जवळजवळ आठ तासांचे! पुस्तकात नावालाही नसलेली टॉरिएल नावाची एल्फ योद्धी त्यात घातली. तेव्हा लोक ओरडले की लोट्याचं पाणी पिंपात ओतलंत.

एका लेखकाचं भांडण तर थेट कोर्टात गेलं. जर्मनीचे मिखाएल एंडे. त्यांचं 'कधीच न संपणारी गोष्ट' या अर्थाच्या नावाचं पुस्तक १९७९ चं. ते दोन रंगांच्या शाईत छापलंय. आपल्या जगातलं एका रंगात, कल्पनेच्या राज्यातलं दुसऱ्या. त्यातला बास्टियान हा गुबगुबीत, भित्रा, सगळे ज्याला चिडवतात असा मुलगा पुस्तक वाचता वाचता पुस्तकातच शिरतो. १९८४ मध्ये वोल्फगांग पेटरसन यांनी सिनेमा केला. त्यात बास्टियान सडपातळ झाला! आणि गोष्ट घेतली ती निम्मीच. पुढच्या निम्म्या भागात बास्टियान त्या राज्यात गेल्यावर जी इच्छा करील ती पुरी होते, पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एकेक आठवण पुसत जाते. आई-वडील, घर, शेवटी स्वतःचं नावसुद्धा. मला तर हा भाग वाचताना काटा आला होता. सिनेमा त्याच्या आधीच थांबतो, आणि बास्टियान ड्रॅगनच्या पाठीवर बसून त्रास देणाऱ्या मुलांना पळवून लावतो. खलास! एंडे म्हणाले, हे माझं पुस्तक नव्हे, सिनेमाचं नाव बदला. ते कोर्टात गेले आणि हरले.

पण त्याच सिनेमातला तो पांढरा, केसाळ, कुत्र्यासारख्या तोंडाचा ड्रॅगन लाखो मुलांनी आपला म्हटला. म्युनिकजवळच्या चित्रनगरीत तो ठेवलाय. त्याच्या पाठीवर बसून मुलं फोटो काढून घेतात. आता त्यांना काय सांगायचं, तुमचं प्रेम चुकलंय म्हणून?

आईबाबांनो, इथे थोडं तुमच्याशी बोलते. अनेक वर्षं माझा नियम होता, आधी पुस्तक, मग सिनेमा. ज्याने वाचलं नाही त्याने बघायचं नाही. पालकसभेत मी तो ठासून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा होता. चौथीत येऊनही एकेक अक्षर जोडून वाचायचा. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरायचा. त्याने घरी हॅरीचा सिनेमा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या कपाटापाशी येऊन उभा राहिला. "बाई, ते पुस्तक द्या." मी म्हटलं, "तुला जमायचं नाही रे एवढं जाड." (हे वाक्य मला आजही टोचतं.) तो म्हणाला, "जमेल. काय होणार ते मला म्हाईत हाय." आणि खरंच, पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे तो अडखळला तरी हरवला नाही. चार महिने लागले. चौथ्या महिन्यात तो माझ्या टेबलाशी आला आणि रागावूनच विचारलं, "बाई, ह्यो पीव्हज कोण? त्यो पिक्चरात का नव्हता?"

माझा नियम त्या दिवशी मोडला.

उलटी बाजूही मी पाहिली आहे, आणि ती याच दिवाळीनंतरची. पुस्तक वाचत असताना, जुलैमध्ये, मी मुलांना हर्मायनीचं चित्र काढायला सांगितलं होतं. वर्णन पुस्तकातलंच, झिपऱ्या केसांची, पुढचे दात जरा मोठे असलेली, फार हुशार मुलगी. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने हर्मायनी काढली ती सावळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. मी विचारलं, "अगं, हिचे केस झिपरे आहेत ना?" ती म्हणाली, "हो बाई, पण झिपरे केस शाळेत चालत नाहीत. म्हणून तिच्या आईने वेण्या घातल्या."

सुट्टीनंतर ते भांडण चालू होतं तेव्हा ही मुलगी कोणत्याच गटात नव्हती. जागेवर बसून वहीत काहीतरी खोडत होती. जाऊन पाहिलं, तर हर्मायनीचा चेहरा रबराने पुसून पुसून कागद विरला होता. "अगं, हे काय?" "माझी चुकली होती बाई. मी टीव्हीत बघितली. ती गोरी असते."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र पुस्तक बाजूला ठेवून मी वर्गाला उर्सुला ल ग्विन यांच्याबद्दल सांगितलं. या अमेरिकन लेखिकेने १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिलं. बेटाबेटांचं एक जग आणि तिथला गेड नावाचा मुलगा, जो पुढे मोठा जादूगार होतो. हॅरीच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, आणि यातही जादूगारांची शाळा आहे, बरं का! हा गेड तांबूस-सावळ्या रंगाचा आहे. त्या बेटांवरचे बहुतेक लोक सावळे नाहीतर काळे. गोरे आहेत ते दूरच्या बेटांवरचे, थोडेसे. ल ग्विन यांनी हे मुद्दाम केलं होतं. गोष्टीतला नायक नेहमी गोराच का, असा त्यांचा सवाल होता.

२००४ मध्ये अमेरिकेत त्यावर टीव्ही मालिका निघाली, आणि गेड झाला गोरा! पुस्तकाचे हक्क विकलेले, सल्लागार म्हणून नाव असलं तरी लेखिकेला कोणी विचारलं नाही. तेव्हा त्या पंचाहत्तरीत होत्या. त्यांनी लेख लिहून खडसावलं. माझ्या अर्थसीला चुना फासलाय, असं त्यांचं म्हणणं. माझी पुस्तकं वाचताना, आपल्यासारखा कोणीतरी गोष्टीत पहिल्यांदाच भेटला, असं सांगणारे सावळे वाचक मला भेटलेत, त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं.

मग हर्मायनीचंही सांगितलं. २०१६ मध्ये लंडनला हॅरीच्या मोठेपणावरचं नाटक आलं. त्यात हर्मायनीचं काम केलं नोमा दुमेझ्वेनी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने. काही चाहते बिथरले. तेव्हा रोलिंगबाईंनी निक्षून सांगितलं की तपकिरी डोळे, कुरळे केस आणि हुशारी एवढंच ठरलेलं आहे, गोरी कातडी मी कुठे ठरवून दिलेली नाही.

एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला. त्याच्या थोरल्या बहिणीने पर्सी जॅक्सनची पुस्तकं वाचलेली. "बाई, त्यात ॲनाबेथचे केस सोनेरी लिहिलेत. मालिकेत काळी मुलगी घेतलीय. मग ते कसं चालतं? गेड गोरा केलेला चालत नाही म्हणता."

बघा! याला म्हणतात प्रश्न. २०२३ च्या त्या मालिकेत लेखक रिक रायर्डन स्वतः सामील होते. त्याआधीच्या, २०१० च्या सिनेमात बारा वर्षांच्या मुलांना थेट मोठं केलं होतं, त्यावर ते नाराजच होते. या वेळी निवड त्यांच्या संमतीने झाली. लोकांनी त्या मुलीला नावं ठेवली तेव्हा, ॲनाबेथचा स्वभाव हिच्यात आहे म्हणून हिला घेतलं, असं त्यांनी जाहीरपणे ठणकावलं. मी वर्गाला म्हटलं, मला वाटतं गेडचा रंग पुसला तेव्हा गोष्टीतलं काहीतरी गेलं. ॲनाबेथच्या केसांचा रंग गेला तेव्हा हुशार, हट्टी ॲनाबेथ जागच्या जागी राहिली. प्रश्नकर्त्याला हे पटलं नाही. "लिहिलंय ते लिहिलंय," तो म्हणाला. आमचं अजून जुळलेलं नाही. मधल्या सुट्टीत तो मला अधूनमधून नवा मुद्दा आणून देतो.

ल ग्विन यांच्या गोष्टीला एक शेपूट आहे. मालिकेनंतर दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, जपानच्या जिब्ली स्टुडिओने अर्थसीवर चित्रांचा सिनेमा केला. दिग्दर्शक गोरो मियाझाकी. सिनेमा पाहून झाल्यावर त्यांनी लेखिकेला विचारलं, कसा वाटला? त्या म्हणाल्या ते असं, की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा सिनेमा आहे, आणि चांगला आहे. पुढे त्यांनी आपल्या तक्रारीही सविस्तर लिहिल्या. पण घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं आधी बोलल्या.

त्या शनिवारी तास संपायला दहा मिनिटं उरली होती. मी म्हटलं, आपण पीव्हज काढू या. पडद्यावर तो कोणीच पाहिलेला नाही. लहानखुरा, काळे मिचमिचे डोळे, मोठ्ठं तोंड, अंगभर खोड्या. एवढं पुस्तकातलं. बाकी तुमचं.

चौतीस मुलं, चौतीस पीव्हज. एकाचा आमच्या घंटा देणाऱ्या मामांच्या मिशा लावून आलाय. एकाने क्रिकेटचं हेल्मेट घातलंय. एकाला शेपटी आहे आणि तिला सुतळी बॉम्ब बांधलाय. सगळी चित्रं मी फळ्याशेजारी दोरीवर टांगली. मुख्याध्यापक फेरीला आले, चष्मा वर करून त्यांनी सगळी नीट पाहिली आणि विचारलं, "यातला खरा कोणता?" तर चौतीसच्या चौतीस बोटं चौतीस दिशांना!

खिडकीजवळच्या त्या मुलीचा पीव्हज दोरीच्या शेवटी आहे. सावळा, हवेत उलटा लटकलेला. दोन वेण्या खाली लोंबतायत, त्यांना लाल रिबिनी.